अमिल्कारे कामात आहे

"त्यानं माझ्या आजीचं नाव कुठे लिहिलंय का?" एवढंच त्या बाईनं विचारलं. प्रणिता तेव्हा मिनिआपोलिसजवळच्या ईडन प्रेरीत, तिथल्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीच्या जुड्या उलट्यापालट्या करून बघत होती. नंबर अनोळखी होता म्हणून पहिल्यांदा तिनं फोन उचलला नव्हता. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ओल्या हातानंच उचलला. पलीकडचा आवाज म्हातारा, पण ठणठणीत होता. बाईनं आपलं नाव रोझमेरी सांगितलं. वय सत्त्याऐंशी, राहणार उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, एव्हलेथ नावाच्या गावी. तिथल्या लायब्ररीतल्या मुलीनं तिला सांगितलं होतं की मिनिआपोलिसच्या विद्यापीठात कुणी एक इंडियन मुलगी अमिल्कारे रोव्हाती या माणसावर पीएचडी करते आहे. "तो माझा आजोबा," रोझमेरी म्हणाली. "म्हणजे कागदोपत्री. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझे वडील वर्षाचे होते तेव्हा तो इटलीला गेला, तो गेलाच. तू त्याचं सगळं वाचलंयस म्हणे. म्हणून विचारते. तेरेसा. त्यात एच नाही. कुठे आहे का?"

"बघून सांगते," प्रणिता म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हातातली जुडी तिनं दाबून चुरगाळली आहे. बघण्यासारखं काही नव्हतं. रोव्हातीच्या अकरा वह्या, चाळीस वर्षांची रोजनिशी, तिनं अक्षर न् अक्षर लॅपटॉपवर उतरवून काढली होती. सहा वर्षं दुसरं काही केलंच नव्हतं. तरी दुकानाबाहेर, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी उभं राहून तिनं फोनवरच ती फाइल उघडली आणि शोधलं. तेरेसा: एकदाही नाही. बायको: पुष्कळदा, पण सगळ्या दुसऱ्यांच्या बायका, गोळीबारात मेलेल्या मजुराची, संपात बाळंत झालेली, तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन उभी राहिलेली. मुलगा: सात वेळा, सातही दुसऱ्यांचे. वारा गार होता. तिला आपल्या प्रबंधातली त्रेचाळिसावी तळटीप आठवली. चार वर्षांपूर्वी कुठल्याशा चर्चच्या जुन्या नोंदवहीत तिला रोव्हातीच्या लग्नाची नोंद सापडली होती, १९०७, वधूचं नाव तेरेसा. तिनं ती नोंद खाली बारीक अक्षरात टाकली होती आणि पुढे लिहिलं होतं: या विवाहाचं पुढे काय झालं ते कळत नाही. ते वाक्य लिहिताना तिला काहीच वाटलं नव्हतं. उलट, एक काम संपल्यासारखं वाटलं होतं. आता ते न कळलेलं सत्त्याऐंशी वर्षांचं होऊन एव्हलेथमध्ये बसलं होतं आणि त्याच्याकडे तिचा फोन नंबर होता.

रोव्हातीची कारकीर्द तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. पो नदीच्या खोऱ्यात भूमिहीन शेतमजुराच्या घरी जन्म, १८८४. विसाव्या वर्षी बोटीनं अमेरिका, मिनेसोटातली लोखंडाची खाण. १९०७च्या संपात इटालियन मजुरांपुढे भाषणं, मग मालकांच्या काळ्या यादीत नाव, कुठेच काम नाही. १९०९ला तो मायदेशी परतला. तिथे शेतमजुरांचा संघ उभा केला, साप्ताहिक काढलं, गावचा महापौर झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर समाजवाद्यांच्या लाटेत थेट संसदेत गेला. दोन वर्षांत काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांनी त्याला भर चौकात मारलं; उजवा कान कायमचा बहिरा झाला. मजुरांनी स्वतः विटा वाहून बांधलेलं संघाचं घर त्याच्या डोळ्यांदेखत जाळलं. मग पॅरिसला परागंदा, तिथे लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवायचं काम, मग तुरुंग, मग युद्ध संपल्यावर राज्यघटना लिहिणाऱ्यांत जागा आणि शेवटी सेनेटर. कामगार बायकांना बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून त्यानं म्हातारपणी केलेलं भाषण प्रणितानं पहिल्यांदा पुण्यात, एम.ए.ला असताना, इंग्रजी भाषांतरात वाचलं होतं. मूल जन्मतं तेव्हा आईजवळ कुणीतरी असलं पाहिजे, कुणी नसेल तर सरकार असलं पाहिजे, असं तो म्हणाला होता. होस्टेलच्या खोलीत एकटी बसून ती रडली होती. त्या एका भाषणासाठी ती इटालियन शिकली आणि सातासमुद्रापार आली. रडण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिला तेव्हाही माहीत होतं. तो हुबेहूब रामभाऊंसारखा बोलत होता.

रामभाऊ खिल्लारे म्हणजे तिचे वडील. परभणी जिल्ह्यात गायरानाच्या चळवळीत ज्या माणसांनी हयात घालवली त्यांतले एक. गावोगावच्या भूमिहीनांना पडीक गायरानं कसायला लावायची, पिकं उभी राहिली की कुणीतरी रातोरात जनावरं घालायचं, मग मोर्चा, मग तहसील, मग कोर्ट. सगळं जग त्यांना रामभाऊ म्हणायचं म्हणून तीही रामभाऊच म्हणायची. बाबा म्हटल्याचं तिला आठवत नाही. घरी ते असत तेव्हा घर माणसांनी भरलेलं असे, आणि आई, गिरजाबाई, अंगणवाडीतून येऊन त्या सगळ्यांसाठी पिठलं टाकत असे. नसत तेव्हा आठ आठ दिवस नसत. प्रणिता चौथीत असताना तिच्या शाळेत ते प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. निबंधाचं पहिलं बक्षीस घ्यायला ती स्टेजवर गेली. रामभाऊंनी प्रत्येक मुलाला विचारलं होतं तसंच खाली वाकून तिला विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" सवयीनं. माइक चालू होता. सगळी शाळा हसली, मग रामभाऊही कपाळावर हात मारून हसले, आणि तीही हसली. घरी येऊन तिनं आईला तो किस्सा हसतच सांगितला. आई हसली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि बराच वेळ ती उलटतच राहिली.

तीन वर्षांपूर्वी रामभाऊ तालुक्याहून परत येताना जीपमध्येच गेले. प्रणिताचा व्हिसा तेव्हा रिन्यू व्हायचा होता. गेली असती तर परत येता आलं असतं की नाही सांगता येत नव्हतं, निदान तिनं स्वतःला आणि सगळ्यांना तसं सांगितलं. अभिवादन सभा तिनं फोनवरून पाहिली. कुणीतरी कार्यकर्त्यानं फोन हातात धरला होता आणि गर्दीत त्याचा हात वाकडा झाला, त्यामुळे तासभर तिला मांडवाचं लाल कापड आणि हळूहळू फिरणारा पंखा एवढंच दिसलं. ऐकू मात्र सगळं आलं. एवढी माणसं रडत होती. शेवटी पाच हजार आवाजांत जयभीम झालं, आणि मग फोन बंद. मिनेसोटात तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. ती उठली, दात घासले आणि आर्काइव्हला जाणारी बस पकडली. त्यानंतर व्हिसा झाला, दोन उन्हाळे गेले, ती गेली नाही.

"फोनवर सांगून टाक ना यार, नाही म्हणून," सावनी म्हणाली. सावनी आणि अनिश यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये प्रणिता राहायची. दोघंही सॉफ्टवेअरमधली, वयानं तिच्याएवढीच, भल्या मनाची. वरून त्यांच्या पावलांचा, मिक्सरचा, भांडणांचा आवाज यायचा, आणि ते आवाज थांबले की प्रणिताला आपण पाण्याखाली आहोत असं वाटायचं. "साडेतीन तासांचा ड्राइव्ह आहे अगं. वर रस्त्यात हरणं येतात मध्ये. अनिशला सोबत पाठवू का?"

"नको. मी मॅनेज करते."

"पण जाऊन तरी सांगणार काय?"

"तेच," प्रणिता म्हणाली. "जाऊन बघते, सांगता येतं का."

सावनीनं गाडीची किल्ली दिली, आणि बरोबर दोन थेपले आणि पाण्याची बाटली. शनिवारी सकाळी प्रणिता निघाली. गाडी चालवायला ती इथे येऊन उशिरा शिकली होती. लेन बदलताना अजून तिचा श्वास अडकायचा. शहर संपलं तशी झाडं पिवळी, मग झडलेली, मग नुसतेच पांढरे बर्च. ऑक्टोबर संपत आला होता. शेजारच्या सीटवर एक प्लॅस्टिकचं फोल्डर होतं, आणि त्यात एकच कागद. पॅरिसच्या वहीतलं एक पान तिनं छापून घेतलं होतं, डिसेंबर १९३२. त्या दिवशी रोव्हातीनं दोन वाक्यं लिहिली होती: बर्फ पडला. तिथल्यासारखा. चाळीस वर्षांत मिनेसोटाचा उल्लेख म्हणावा तर एवढाच. आदल्या रात्री तो उल्लेख तिला सापडला तेव्हा केवढं तरी सापडल्यासारखं वाटलं. आता गाडीत, शंभर मैल गेल्यावर, ते पान हलकं हलकं होत चाललं होतं. एखाद्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून वाटेत घेतलेल्या बिस्किटाच्या पुड्यासारखं. आपण नक्की कुणाच्या बाजूनं चाललो आहोत हे तिला कळत नव्हतं. रोव्हातीनं पाठवल्यासारखं वाटत होतं. त्याच्या वतीनं माफी मागायला, किंवा त्याच्या वतीनं सांगायला की जरा गडबडीत होतो.

एव्हलेथ छोटं गाव. चढावरचा एक रस्ता, बंद दुकानं, त्यापलीकडे खाणीतून निघालेल्या मातीचे लालसर डोंगर, त्यांच्यावर आता झाडं आलेली. रोझमेरीचं घर पांढरं, बुटकं. दार तिनं आधीच उघडून ठेवलं होतं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, डोक्यावर विरळ पांढरे केस, पायात पुरुषी बूट. तिनं प्रणिताला नीट न्याहाळलं. "मला वाटलं तू मोठी असशील," ती म्हणाली. मग कॉफी ओतता ओतता सांगत राहिली: एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा टेक्सासला फ्रिस्कोत असतो. "त्याच्या गल्लीत सगळे तुझेच लोक आहेत. दिवाळीला त्याला डबे भरभरून मिठाई देतात. मला फोनवर दाखवतो. रविवारी करतो फोन." समोरच्या खुर्चीवर ती बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले. "नाही ना?"

"नाही," प्रणिता म्हणाली. तीन तास जुळवलेली वाक्यं कुठेच नव्हती. "कुठेच नाही. तुमच्या वडिलांचंही नाही." आणि मग, स्वतःलाच सहन न होऊन, तिनं फोल्डरमधून तो कागद काढला, ते दोन ओळींचं अक्षर दाखवलं आणि इंग्रजीत करून सांगितलं.

रोझमेरीनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. "हं," ती म्हणाली. "ते हवामान झालं."

प्रणिताला कानापर्यंत रक्त चढल्यासारखं झालं. पण म्हातारी चिडली नव्हती. तिनं कागद घडी न करता परत दिला आणि तेरेसाबद्दल बोलायला लागली, जणू आता ते मोकळेपणानं बोलता येईल. तेरेसानं दुसरं लग्न केलं नाही, करता येणार नव्हतं, ती विधवा नव्हती ना. चौदा खाणकामगारांची खानावळ चालवली. त्यांचे कपडे धुतले की पाणी गेरूसारखं लाल व्हायचं. नखांच्या कडांतला तो लाल रंग मरेपर्यंत गेला नाही. मुलगा चौदाव्या वर्षी खाणीत लागला. आणि कुणीही, शेजारीण असो, पाद्री असो, शाळेतले मास्तर असोत, नवरा कुठे असतो असं विचारलं की तेरेसा एकच उत्तर द्यायची. "अमिल्कारे कामात आहे." रोझमेरीनं ते मोडक्या इटालियनमध्ये म्हणून दाखवलं. "पहिल्या वर्षी तेच, चाळिसाव्या वर्षी तेच. आमच्या घरात तो जोकच झाला होता. कुणी जेवायला उशिरा आलं, कुणी पोस्टातून लवकर परत आलं नाही, की आम्ही पोरं ओरडायचो, अमिल्कारे कामात आहे! आजी ऐकायची. काही म्हणायची नाही. माझ्या वडिलांना तिची लाज वाटायची. त्यांना वाटायचं ती बावळट आहे."

प्रणिता कपाकडे बघत होती. परभणीत, दाराशी चप्पल काढत कुणीतरी विचारतं, पोरगी कवा येणार हाय गिरजाबाई? आणि आई म्हणते, प्रणिता कामात हाय. हे तिनं फोनवरून किती वेळा ऐकलं होतं. आई फोन कानाला लावूनच शेजारणीला सांगायची, आणि प्रणिताला ते ऐकून बरं वाटायचं. आई आपल्याला समजून घेते असं वाटायचं. रोव्हाती म्हणजे रामभाऊ, असं ती सहा वर्षं धरून चालली होती. त्या म्हाताऱ्याच्या वह्या वाचताना आपण वडिलांना वाचतोय, त्यांच्या नसण्याचं कारण शोधतोय, असं. इथे या टेबलाशी, कॉफीचा कडू वास नाकात असताना, तिला पहिल्यांदाच असं वाटलं की त्या गोष्टीत तिची स्वतःची जागा मुलीची नाही. बोटीनं निघून गेलेल्याची आहे. तिनं कप उचलला. तो रिकामा होता, तरी ती प्यायली.

रोझमेरी आत गेली आणि एक पत्र्याची डबी घेऊन आली. आत तीन पाकिटं. तेरेसा गेली तेव्हा, १९६१ला, तिच्या गादीखाली सापडली होती. वडिलांनी त्यांना हात लावू दिला नाही आणि ते गेल्यावर इटालियन वाचणारं गावात फारसं कुणी उरलं नाही. "उरलं असतं तरी मी दिली नसती," ती म्हणाली. "गावातल्या माणसाला नाही. आणि मला वाटायचं, यात काहीतरी असेल. वाचत नाही तोवर ते असतंच." तिनं डबी टेबलावरून सरकवली. "पण आता सत्त्याऐंशी झाली. वाच."

पहिलं पत्र ऑक्टोबर १९०९चं. समुद्र, ओकाऱ्या, आई आजारी आहे, वसंतात तुम्हाला बोलावतो. बाळाच्या पायाभोवती पेन्सिल फिरवून कागद पाठव, इथे चांभार चांगले आहेत. रोझमेरी हे ऐकताना हसली, आणि खालचा ओठ तिनं आत ओढून घेतला. दुसरं पत्र सात महिन्यांनंतरचं. मजुरांचा संघ, तीन गावांत संप, झोपायला वेळ नाही. अक्षर धावतं, तळाला घाईत केलेली सही. पायाच्या मापाचं काही नव्हतं. तिसरं छोटं होतं. नोव्हेंबर १९११. प्रणितानं ते आधी डोळ्यांनी वाचलं.

ते अक्षर तिच्या ओळखीचं होतं, सख्ख्या नात्यातल्या अक्षरासारखं. त्याचा टी कसा आडवा जातो, रागावला की शाई कशी फुटते, सगळं. या पत्रात शाई कुठेच फुटली नव्हती. शांतपणे, सावकाश लिहिलेलं होतं. तिला वाटलं, दोन वाक्यं गाळावीत. इथे तिसरं कुणी नाही, कुणाला कळणार आहे? किंवा बाळाच्या पायाच्या मापाबद्दल एखादी ओळ घालावी. एवढा अधिकार सहा वर्षांनी आपल्याला आहे. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं की हे पत्र म्हणजे तिच्या प्रबंधाचा अख्खा नवा अध्याय आहे, गाइड खूश होतील. आणि असं कळल्याबद्दल तिला स्वतःची किळस आली.

"थांबलीस तू," रोझमेरी म्हणाली. "एकतीस वर्षं बस चालवलीय मी. मागच्या सीटवर कोण काय लपवतंय ते मला पाठ फिरवून बसल्यावरही कळतं. वाच."

प्रणितानं वाचलं. "तेरेसा, मी तुम्हाला बोलावणार नाही. इथलं काम माझ्यावाचून थांबेल असं नाही, पण त्या कामावाचून मी थांबेन. तू मोकळी आहेस. मुलाला सांग की बाप खाणीत गेला. तशी पोरं तिथे पुष्कळ आहेत, त्याला एकटं वाटणार नाही. उत्तर लिहू नकोस."

भिंतीवरचा हीटर टक् टक् करून सुरू झाला. रोझमेरीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बारीक बर्फ भुरभुरायला लागला होता, जमिनीवर टिकत नव्हता. "म्हणजे तिला माहीत होतं," ती म्हणाली. "पन्नास वर्षं." मग पत्राकडे बघून: "खाणीत गेला असं तिनं कधीच सांगितलं नाही. माझ्या वडिलांनासुद्धा. त्यानं सांगितलेलं खोटं तिनं घेतलं नाही. तिनं आपलं आपलं ठरवलं." तिचा चेहरा वाकडा झाला, आणि प्रणिताला वाटलं ती आता रडेल, पण तिनं टेबलावर मूठ आपटली, एकदाच, कपबशा हलतील इतकी. "आणि आम्ही तिला हसायचो. डॅड तिला लोकांसमोर आणायचे नाहीत. माझ्या लग्नात तिला मागच्या रांगेत बसवलं होतं."

प्रणितानं हात पुढे केला आणि तो कुठे ठेवावा ते न कळून टेबलावरच ठेवला. म्हातारीनं त्यावर आपला हात ठेवला नाही. ती उठली, कप विसळले, पुसले, फळीवर ठेवले. पाठमोरीच म्हणाली, "तू हे लिहिणार."

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

"लिही की. पण तो नालायक होता एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस. ते मलाही येतं." ती वळली. "ती बायकांच्या रजेची गोष्ट लायब्ररीतल्या मुलीनं सांगितली मला. मिळाली का पुढे रजा?"

"मिळाली."

"किती जणींना?"

"लाखो," प्रणिता म्हणाली. "अजून मिळते."

रोझमेरीनं मान हलवली. पटल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. "मग तेही लिही," ती म्हणाली. "आणि आज जाऊ नकोस. पुलांवर बर्फ धरतो. मुलाच्या खोलीत झोप."

संध्याकाळी त्यांनी सूप प्यायलं आणि टीव्हीवर हवामान पाहिलं. फार बोलणं झालं नाही. एका घरात दुसरं माणूस आहे, आणि त्याच्याशी बोलायची गरज नाही, हे प्रणिताला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. पण त्यानं बरं वाटण्याऐवजी काहीतरी आत उघडं पडल्यासारखं झालं. खोलीच्या भिंतीवर हॉकी टीमचा फोटो होता. तिला वाटलं होतं झोप येणार नाही. ती लगेच झोपली.

सकाळी रोझमेरी चर्चला जायच्या तयारीत होती. निरोप घेताना तिनं प्रणिताला मिठी मारली नाही, दंड घट्ट धरला आणि सोडला. डबी तिनं दिली नाही, पण पत्रांचे फोटो काढू दिले होते. "वरच्या रस्त्यानं जा," ती म्हणाली. "खाण बघून जा. आता तिथे पाणी आहे."

खाणीच्या कठड्याशी गाडी लावून प्रणिता उतरली. तिच्या मनात खाण म्हणजे काळा बोगदा होता. ही डोंगर उलटा करून जमिनीत रोवावा तशी उघडी होती, मैलभर लांब, आणि तळापासून पाण्यानं भरलेली. उपसा थांबला तसं पाणी आपोआप चढत गेलं असणार. काठ गंजासारखे लाल, पाणी निळंहिरवं, जराही न हलणारं. साडेसात वाजले होते. तिकडे सहा, संध्याकाळचे. तिनं घड्याळ पाहून फोन लावला नाही. फोन लावला आणि मग तिला वेळ कळली.

"काय करायलीस माय?" आईचा आवाज आला. "आज लवकर केलास. बरी हायस ना?"

"बरी आहे. तू काय करतेस?"

"काही नाही. बसले. काल इथं मंडळी आलती, रामभाऊंच्या नावानं वाचनालय काढायलेत. तुला मेसेज टाकतो म्हनले. मी सांगितलं त्यास्नी, ती कामात हाय म्हनून..."

"आई," प्रणिता म्हणाली. "मी कामात नाही." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "रामभाऊंचं नको. तुझं सांग."

"माझं काय सांगायचं?"

"काहीही. तुझं."

फोन कट झाला असं समजून प्रणितानं दोनदा स्क्रीन पाहिली. तिनं आईला आजवर काय काय विचारलं होतं? औषधं घेतलीस का, गॅस आला का, रामभाऊ कुठे आहेत. एवढंच. दुसरं विचारायचं कसं असतं तेही तिला येत नव्हतं. म्हणून मग समोर दिसत होतं ते ती सांगायला लागली. खाण आहे, पूर्वी इथे लोखंड काढायचे, आता पाण्यानं भरलीय, केवढी तरी, निळी निळी.

"खोल हाय का?" आईनं विचारलं.

"खूप. शंभर पुरुष तरी असेल."

"कोन पवतं का तिथं?"

"नाही गं. थंड असतं पाणी."

"मला येतं पवायला," आई म्हणाली.

प्रणिता कठड्याला धरून उभी राहिली. "तुला?"

"मग. पूर्णेच्या काठचं हाय माझं माहेर. आमच्या डोहात पोरांच्या आधी मी उडी टाकायची. एकदा पुरात म्हैस चालली होती वाहून, शेपटीला धरून मीच आनली काठाला. बारा वर्षांची होते."

"कधी सांगितलं नाहीस."

"कवा सांगू? लगीन झालं, इथं कुठं नदी. नळ होता." आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती; ती काहीतरी नीट आठवत होती, मागून पुढे येणारं. कुकरची दुसरी शिट्टी झाली, तिनं लक्ष दिलं नाही.

"रामभाऊंना माहीत होतं?"

"न्हाई," आई म्हणाली, आणि मग तिच्या आवाजात असं काही आलं की प्रणितानं ते पूर्वी ऐकलं नव्हतं, एखाद्या मुलीचं, जराशा ऐटीचं. "पाठीवर बी येतं. हात न्हाई, पाय न्हाई, काही हलवायचं न्हाई. नुसतं पडून राहायचं पाण्यावर. पानी धरून ठेवतं."